सोळाशे मीटर, दहा फूट, तीन फूट : सीमाभागातील मुलींसाठी सैन्यभरतीच्या मैदानी चाचणीची तयारी

लष्कराच्या मिलिटरी पोलीस दलात शिपाई म्हणून मुलींची भरती करण्याचा निर्णय २०१९ साली झाला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात त्या भरतीचा एक मेळावा आपल्या बेळगावात भरला. त्या पहिल्या तुकडीतील ८३ मुली बेंगळुरूच्या मिलिटरी पोलीस केंद्रातील प्रशिक्षण पूर्ण करून मे २०२१ मध्ये सेवेत दाखल झाल्या. २०२२ पासून हीच भरती अग्निपथ योजनेखाली, अग्निवीर म्हणून होते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या गावात आहे, जिथे घराघरांत कोणी ना कोणी फौजेत गेलेले आहे, तिथल्या मुलींना भरती म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. तयारी कशी करायची हे मात्र सांगावे लागते, कारण भावांची आणि काकांची तयारी पाहून मुली जे शिकतात त्यातील बरेचसे त्यांच्या चाचणीला लागू पडत नाही.

खानापूर तालुक्यातील एका शाळेच्या मैदानावर गेली काही वर्षे मी पहाटे मुलींचा सराव घेते. तेवढ्या अनुभवावर एक गोष्ट मी ठामपणे सांगू शकते. आपल्या मुली धावण्यात कमी पडत नाहीत. त्या फक्त धावण्याचाच सराव करतात, आणि उडीच्या बारसमोर किंवा वैद्यकीय तपासणीच्या टेबलासमोर अडतात. म्हणून या लेखात धावण्याइतकीच जागा मी पायांच्या ताकदीला, रक्ताला आणि उड्यांना दिली आहे.

पहिली पायरी : उंची मोजणे आणि चाचणी समजून घेणे

सराव सुरू करण्याआधी उंची मोजून घ्यावी. मिलिटरी पोलिसातील अग्निवीर पदासाठी मुलींची उंची किमान १६२ सेंटीमीटर लागते. अनवाणी उभे राहून, टाचा, पाठ आणि डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकवून, डोक्यावर वही आडवी धरून खूण करावी आणि ती टेपने मोजावी. सकाळी उठल्यावर उंची थोडी जास्त भरते व दिवसभरात ती किंचित कमी होते, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी अशी दोनदा मोजलेली बरी. हे मोजमाप न करता सहा महिने घाम गाळलेली आणि मेळाव्यात उंची मोजण्याच्या पहिल्याच खांबापाशी परत पाठवली गेलेली मुलगी मी पाहिली आहे. तिची उंची १५९ होती. केंद्रीय निमलष्करी दलांच्या जीडी (जनरल ड्युटी) कॉन्स्टेबल भरतीत मुलींसाठी १५७ सेंटीमीटर उंची पुरते, आणि हवाई दलाच्या अग्निवीरवायू भरतीत १५२ पुरते. तिला हे आधी कोणी सांगितले असते तर तिचे ते सहा महिने योग्य दाराशी गेले असते.

आता चाचणी. मिलिटरी पोलिसासाठी मुलींना १.६ किलोमीटर धावावे लागते. साडेसात मिनिटांच्या आत येणाऱ्या पहिल्या गटात धरल्या जातात आणि आठ मिनिटांच्या आत येणाऱ्या दुसऱ्या गटात. त्यानंतर १० फूट लांब उडी आणि ३ फूट उंच उडी या दोन्हींत पात्र व्हावे लागते. हवाई दलात १.६ किलोमीटर आठ मिनिटांत, दीड मिनिटात १० सिट-अप आणि एका मिनिटात १५ उठाबशा असे स्वरूप आहे. निमलष्करी दलांत मुलींना तेच १.६ किलोमीटर अंतर साडेआठ मिनिटांत कापायचे असते. तेव्हा दार कोणतेही निवडले तरी सोळाशे मीटरची तयारी वाया जात नाही. वयाची अट प्रत्येक भरतीच्या जाहिरातीत जन्मतारखेच्या स्वरूपात दिलेली असते. किमान वय साडेसतरा आहे. मिलिटरी पोलिसातील अग्निवीर जीडी पदासाठी दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ टक्के गुण लागतात.

दुसरी पायरी : रक्त तपासणे आणि ताट बदलणे

धावताना दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, जिना चढताना मांड्या भरून येतात, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मुलीला मी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासायला पाठवते. मुलींमध्ये ते १२ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात. रक्तच कमी असेल तर स्नायूंपर्यंत प्राणवायू पुरेसा पोचत नाही, आणि अशा स्थितीत कितीही फेऱ्या मारल्या तरी वेळ सुधारत नाही. उलट मुलगी खचते आणि आपल्यात दमच नाही असे समजून घरी बसते. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तरच आणि सांगितल्या तितके दिवस घ्याव्यात. जंतांच्या गोळीबद्दलही तिथेच विचारावे.

जेवणात फार खर्चाचे काही लागत नाही. खानापूर, जांबोटीकडे नाचणी आहे, चिक्कोडी, अथणीकडे ज्वारी आहे, मसूर आणि मटकी सगळीकडे मिळते, शेवगा अंगणात असतो. नाचणीने हाडांना कॅल्शियम मिळते. मसुराची आमटी, राजगिऱ्याची किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, चालत असेल तर रोज एक-दोन अंडी आणि आठवड्यातून मासे किंवा मटण, इतके सातत्याने पोटात गेले तरी फरक दिसतो. त्यावर लिंबू पिळावे, कारण आंबट रसामुळे भाजी-आमटीतील लोह अंगी लागायला मदत होते. चहा मात्र जेवणाच्या आगेमागे तासभर घेऊ नये. आपल्याकडे भाकरीबरोबरच चहा पिण्याची सवय आहे आणि ती सोडायला मुलींना जड जाते, हे मला माहीत आहे. तरीही सोडावी, कारण चहा लोह शोषू देत नाही.

पहाटे अगदी उपाशीपोटी धावू नये. एक केळे किंवा शेंगदाणा-गुळाचा एक लाडू अर्धा तास आधी पुरतो. परतल्यावर तासाभरात पोटभर न्याहारी झाली पाहिजे. उपवासांचा विषय नाजूक आहे. नवरात्रात नऊ दिवस फक्त साबुदाण्यावर राहून सराव करणाऱ्या मुली चौथ्या दिवशी चक्कर येऊन बसतात. ज्यांना उपवास मोडायचा नाही त्यांनी त्या दिवसांत धावणे हलके ठेवावे आणि दूध, दाणे, राजगिरा, फळे वाढवावीत. सराव वाढला आणि पाळी दोन-तीन महिने आलीच नाही, तर ते शरीराला अन्न अपुरे पडत असल्याचे लक्षण असू शकते. असे झाल्यास सराव कमी करून डॉक्टरांना दाखवावे. अशा अवस्थेत हाडे कमकुवत होतात आणि नडगीच्या किंवा पायाच्या हाडाला बारीक चीर जाण्याचा धोका वाढतो. ताकदीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या भुकट्या आणि इंजेक्शने यांच्या वाटेला जाऊ नये.

तिसरी पायरी : ताकद, आणि ती धावण्याच्याही आधी

नवी मुलगी आली की पहिले तीन आठवडे मी तिला घड्याळ लावून धावू देत नाही. कारण सोपे आहे. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एका पायावर येतो, आणि तो पेलण्याइतकी पोटरी, मांडी व कंबर तयार नसेल तर दुसऱ्याच आठवड्यात नडगी दुखू लागते.

बैठकांपासून सुरुवात करावी. तालमीतल्या बैठका चवड्यांवर येऊन, वेगाने आणि शेकड्यांनी मारल्या जातात. पैलवानाचे गुडघे वर्षानुवर्षे त्याला सरावलेले असतात. नवख्या मुलीने तसे करू नये. पाय खांद्यांइतके फाकवून, टाचा जमिनीला पूर्ण टेकवून, छाती वर ठेवून, मागे पाट ठेवला आहे आणि त्यावर बसायचे आहे अशा बेताने खाली जावे. गुडघे आत एकमेकांकडे वळता कामा नयेत, ते पायाच्या बोटांच्या दिशेनेच राहिले पाहिजेत. सुरुवातीला १० बैठकांचे तीन फेर पुरेत. ते सहज जमू लागले की दप्तरात तीन किलो तांदूळ घालून पाठीला लावावे, महिन्याने पाच किलो.

जोर मुलींना जमत नाहीत ही समजूत चुकीची आहे. जमिनीवर जमत नसतील तर भिंतीला हात टेकवून सुरू करावे, दोन आठवड्यांनी बाजेच्या किंवा कट्ट्याच्या कडेला हात ठेवून, आणि नंतर जमिनीवर. हातांखालच्या आधाराची उंची जशी कमी होते तसा भार वाढतो, एवढेच त्यातले गणित आहे. गुडघे टेकवून मारलेले जोर मी फारसे करून घेत नाही, कारण त्यात कंबर ढिली ठेवण्याची सवय लागते आणि ती पुढे मोडत नाही.

बाकीचे थोडक्यात. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर-खाली करणे, आधी दोन्ही पायांवर आणि नंतर एकेका पायावर, हा नडगीच्या दुखण्यावरचा मला माहीत असलेला सर्वांत स्वस्त उपाय आहे. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर वर उचलणे, कोपरांवर शरीर फळीसारखे ताठ धरणे, आणि एक पाऊल पुढे टाकून मागचा गुडघा जमिनीजवळ नेणे, हे तीन प्रकार आठवड्यातून दोनदा करावेत. पाण्याच्या दोन भरलेल्या कळशा दोन हातांत घेऊन पाठ ताठ ठेवून पन्नास पावले चालणे हाही उत्तम व्यायाम आहे, आणि आपल्या मुलींना तो कोणी शिकवावा लागत नाही. फक्त रोज एकाच कमरेवर कळशी घेणाऱ्यांनी बाजू बदलावी.

चौथी पायरी : धावणे

आधी अंतर नीट मोजलेले मैदान हवे. चारशे मीटरचा ट्रॅक प्रत्येक गावात नसतो, पण गवंड्याकडून तीस मीटरचा टेप आणून शाळेच्या मैदानावर साठ मीटर लांब आणि चाळीस मीटर रुंद असा चौकोन आखला की एक फेरी दोनशे मीटरची होते आणि आठ फेऱ्यांत सोळाशे भरतात. कोपऱ्यांवर चुन्याची खूण करावी. चौकोनी वळणावर वेळ थोडा जास्त जातो, त्यामुळे बेळगावात जाणे शक्य असेल तर महिन्यातून एकदा लेले मैदानासारख्या मोकळ्या जागी धावून पाहावे. डांबरी रस्त्यावर रोज धावू नये. बूट साधे चालतील, पण टाचेखाली गादी असलेले आणि पावलाच्या मापाचे हवेत. भावाचे एक नंबर मोठे बूट घालून आलेल्या मुलीच्या नखाखाली रक्त साकळते. छातीला आधार देणारी घट्ट, रुंद पट्ट्याची खेळाची ब्रा ही बुटांइतकीच गरजेची आहे. घरी विचारायला संकोच वाटतो म्हणून मुली ती टाळतात आणि मग खांदे आकसून, हात छातीशी धरून धावतात. त्याने दम लवकर जातो.

पहिले तीन आठवडे, आठवड्यातून चार दिवस, एक मिनिट हळू धावणे आणि दोन मिनिटे चालणे असे पंचवीस मिनिटे करावे. धावताना शेजारच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. चौथ्या आठवड्यापासून धावण्याची मिनिटे वाढवत सातव्या आठवड्यापर्यंत न थांबता तीन किलोमीटर सावकाश धावता यावे. सातव्या आठवड्याच्या आधी कोणी हे गाठले तर आनंद आहे, पण एका आठवड्यात एकूण अंतर एकदम दीडपट-दुप्पट करू नये.

आता वेगाचा हिशेब, जो प्रत्येक मुलीला तोंडपाठ पाहिजे. आठ मिनिटांत सोळाशे म्हणजे चारशे मीटरला बरोबर दोन मिनिटे. साडेसात मिनिटे म्हणजे चारशे मीटरला एक मिनिट साडेबावन्न सेकंद, म्हणजेच शंभर मीटरला २८ सेकंदांच्या आसपास. सरावात लक्ष्य सात मिनिटांचे ठेवावे, म्हणजे चारशे मीटरच्या फेरीला (आपल्या चौकोनातल्या दोन फेऱ्यांना; इथून पुढे फेरी म्हणजे चारशे मीटरचीच) एक मिनिट पंचेचाळीस सेकंद; कारण भरतीच्या दिवशी झोप अपुरी असते, गर्दीत कोपर लागते, वळणावर बाहेरून जावे लागते आणि दहा-वीस सेकंद कुठे गेले ते कळतही नाही. आठव्या ते दहाव्या आठवड्यात एक दिवस चारशे मीटरच्या चार फेऱ्या एक मिनिट पन्नासच्या वेगाने, मध्ये तीन मिनिटे चालून घ्याव्यात. दुसऱ्या एका दिवशी आठशे मीटर दोनदा. बाकीचे दिवस सावकाशच. अकराव्या आठवड्यात एकदा पूर्ण चाचणी, आणि बाराव्यात फक्त अंग मोकळे ठेवण्यापुरते धावणे.

सर्वांत मोठी चूक पहिल्या फेरीत होते. शिट्टी वाजली की सगळ्या सुटतात, आणि आपण मागे पडलो तर काय या भीतीने मुलगी पहिली फेरी दीड मिनिटात काढते. दुसऱ्या फेरीला तिचे खांदे कानाशी येतात, तिसऱ्या फेरीत ती चालू लागते. कॉलेजात असताना एका भरतीत माझेही हेच झाले होते. पहिल्या फेरीला मी तिसरी होते, शेवटी कितवी आले ते मोजण्याचीही ताकद उरली नव्हती. म्हणून माझ्या मैदानावर पहिली फेरी एक मिनिट पंचेचाळीसच्या आत आणली की त्या दिवशीची धाव बाद धरली जाते आणि मुलीला परत सुरुवातीच्या खुणेवर उभे राहावे लागते. त्यांना ते आवडत नाही.

पाचवी पायरी : दोन उड्या

तीन फूट म्हणजे सुमारे ९१ सेंटीमीटर. १६२ सेंटीमीटर उंचीच्या मुलीला ते नाभीच्या थोडे खाली येते. बार कमरेशी उभा दिसला की भीती वाटते, आणि मुली धावत येऊन बारसमोर थांबतात. ही भीती घालवायला दोन बांबू रोवून त्यांवर दर पाच सेंटीमीटरला खिळे ठोकावेत, त्यांवर बार म्हणून रबराची दोरी हलकीच अडकवावी, आणि पलीकडे भाताच्या पिंजराचा (पेंढ्याचा) हातभर थर पसरून वर जुनी गोधडी टाकावी. सुरुवात दोन फुटांवर. तिथे दहा उड्या स्वच्छ झाल्या की एक खिळा वर. हाय जंपचे मोठे खेळाडू पाठीवर पडतात तसे पिंजरावर कधीही करू नये, मान मोडण्याचा धोका असतो. आपल्याला कैची उडी पुरते. बारच्या एका बाजूने तिरके, पाच-सात पावले वाढत्या लयीत यावे, बारपासून दूर असलेल्या पायाने जमीन जोरात ढकलावी, बारच्या जवळचा पाय सरळ वर फेकावा, आणि तो ओलांडला की मागचा पाय त्याच्या पाठोपाठ न्यावा. उतरणे पायांवरच. कोणत्या पायाने जमीन ढकलायची हे ठरवण्यासाठी, कोणी मागून हलकेच ढकलले तर कोणता पाय आपोआप पुढे पडतो ते पाहतात. पण मी दोन्ही बाजूंनी वीस-वीस उड्या मारायला लावते आणि मुलीच सांगते कोणती बाजू हलकी वाटली.

दहा फूट म्हणजे तीन मीटरहून थोडे अधिक. ऐकायला मोठे वाटते, पण उभ्याने पाच-साडेपाच फूट उडी जाणारी मुलगी धाव घेऊन दहा फूट सहसा जाते. अडचण जिथून उडी घ्यायची त्या फळीची असते. फळीच्या पुढे पाय पडला की उडी बाद, आणि फार मागून उडी घेतली की अंतर वाया. म्हणून फळीपासून उलट दिशेने धावत जाऊन, बारा-पंधरा मीटरवर आपले पाऊल जिथे बरोबर जुळते तिथे खूण करावी आणि दर वेळी तिथूनच, त्याच पायाने निघावे. मोजमाप वाळूतील सर्वांत जवळच्या खुणेपर्यंत होते. पाय साडेदहा फुटांवर पडले आणि तोल जाऊन हात मागे टेकला तर हाताची खूण धरतात. यासाठी उतरताना हात पुढे फेकावेत आणि नजर वाळूत न ठेवता समोरच्या झाडावर ठेवावी. शाळेत वाळूचा खड्डा नसेल तर बांधकामाची वाळू चाळून, खडी काढून, हातभर खोल खड्ड्यात भरावी. पंचायतीत किंवा शाळा सुधारणा समितीत विचारले तर इतके सहसा मिळते. उड्यांचा सराव आठवड्यातून दोन दिवस पुरे, आणि तो थकलेल्या पायांनी करू नये. शेवटच्या दोन आठवड्यांत मात्र धाव पूर्ण करून दहा मिनिटांनी उडी घेऊन पाहावी, कारण मेळाव्यात पाय तसेच असतात.

पाऊस, पाळी आणि दुखणे

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा खरा परीक्षेचा काळ. कणकुंबी, जांबोटी भागात दिवसेंदिवस उघडीप नसते आणि लाल माती साबणासारखी निसरडी होते. त्या दिवसांत ताकदीचे व्यायाम देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या व्हरांड्यात करावेत आणि धावणे पक्क्या रस्त्यावर, समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने, दोघी-तिघींनी मिळून करावे. भिजलेल्या बुटांत रद्दी कोंबून ते चुलीपासून दूर वाळवावेत. आचेजवळ तळ सुटतो.

पाळीच्या दिवसांत धावू नये असे घरोघरी सांगितले जाते. ज्यांना फार त्रास होतो त्यांनी विश्रांती जरूर घ्यावी. पण भरतीची तारीख पाळी पाहून पडत नाही, म्हणून त्या दिवसांतही हलके धावून आपल्याला काय सोसते, कोणते कपडे सोयीचे पडतात हे आधी जाणून घ्यावे. तारखा वहीत लिहून ठेवाव्यात. पाळी पुढे ढकलणारी गोळी चाचणीच्या तोंडावर पहिल्यांदाच, शेजारणीने सांगितली म्हणून घेऊ नये.

नडगी धावल्यावर दुखते आणि विश्रांतीने थांबते तोवर अंतर कमी करून चालते. एका विशिष्ट ठिकाणी बोट दाबल्यावर कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर धावणे पूर्ण बंद करून डॉक्टरांना दाखवावे.

घरच्या बोलण्याबद्दल एवढेच सांगते की आईला एकदा मैदानावर घेऊन यावे. "उन्हानं पोरगी काळी पडंल की ओ बाई," असे मला म्हणालेल्या एका काकी आता आमचे स्टॉपवॉच धरतात.

कागदपत्रे : सीमाभागाची खास अडचण

आपल्या भागात कागद जमवणे हे सरावाइतकेच वेळखाऊ आहे, आणि त्याचे कारण भाषा आहे. दहावीच्या मार्क्स कार्डावर नाव एका पद्धतीने, आधारवर कन्नडवरून इंग्रजीत गेलेले दुसऱ्या पद्धतीने, रेशनकार्डावर वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर, आणि जातीच्या दाखल्यात आडनावच नाही, असे सर्रास आढळते. भरतीत नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख मार्क्स कार्डाशी जुळावी लागते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांच्या नावात एका दाखल्यावर एक अक्षर जास्त पडले होते आणि ते दुरुस्त करायला तिला एका कचेरीत सात खेपा घालाव्या लागल्या. म्हणून दहावीचे मार्क्स कार्ड पुढ्यात ठेवून बाकीचा प्रत्येक कागद अक्षर न अक्षर ताडून पाहावा, आणि दुरुस्ती अर्ज भरण्याच्या आधी करून घ्यावी. रहिवासी, जात आणि इतर दाखले महसूल खात्याच्या नाडकचेरीतून मिळतात. चारित्र्याचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि पुरेसे फोटो यांची यादी जाहिरातीत दिलेली असते. ती वाचूनच फाइल लावावी. चंदगड, गडहिंग्लज तालुक्यांतील मुलींनी लक्षात ठेवावे की अर्ज आपल्या रहिवासाच्या राज्यातूनच करायचा असतो, मामाचे घर बेळगावात असले तरी.

मैदानापर्यंत पोचण्याआधी संगणकावरील लेखी परीक्षा असते. २०२३ पासून ती आधी आणि मेळावा नंतर असा क्रम आहे. २०२५ पासून ही परीक्षा १३ भाषांत देता येते आणि त्यांत कन्नड व मराठी दोन्ही आहेत. मराठी माध्यमातून दहावी झालेल्यांनी अर्जातच मराठी निवडावी. भरतीसाठी पैसे मागणारा कोणीही, मग तो कितीही ओळखीचा असो, दारात उभा करू नये.

मेळाव्याचा दिवस

ठिकाण प्रवेशपत्रावर असते. कर्नाटकातील मुलींचा मेळावा बेंगळुरूला लागला तर राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने एका रात्रीचा प्रवास आहे; पण त्याच पहाटे उतरून थेट मैदानावर जाऊ नये, एक दिवस आधी पोचून झोप काढावी. कान आधीच डॉक्टरांकडून साफ करून घ्यावेत आणि दातांवरचा थर काढून घ्यावा, कारण वैद्यकीय तपासणीत हे पाहतात. गोंदणाचा नियमही कडक आहे. सर्वसाधारण उमेदवारांना हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूला असलेलेच कायमचे गोंदण चालते, तेव्हा जत्रेत हौसेने दंडावर किंवा मानेवर नाव काढून घेण्याचा मोह टाळावा.

पिशवीत मूळ कागद प्लास्टिकच्या फाइलीत, झेरॉक्स वेगळ्या, दोन केळी, शेंगदाण्याची चिक्की, पाणी, जादा मोजे, पॅड आणि एक छत्री. नवे बूट त्या दिवशी घालू नयेत. मैदानावर रांगा पहाटेच्या अंधारातच लागतात आणि थांबणे लांबते, त्यामुळे थोडे-थोडे खात राहावे. आपली तुकडी पुकारायच्या दहा मिनिटे आधी जागच्या जागी गुडघे उचलावेत, पोटऱ्या सैल कराव्यात आणि पन्नास मीटरच्या दोन-तीन हलक्या धावा घ्याव्यात. पहिल्या फेरीत बऱ्याच जणी पुढे जातील, त्यांना जाऊ द्यावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत सरावातली लय धरावी, वळणावर शक्य तितके आतून राहावे, आणि शेवटच्या दोनशे मीटरला हात जोरात मागे-पुढे टाकावेत, पाय त्यांच्यामागे येतात. रेषा ओलांडली की खाली बसू नये. कमरेवर हात ठेवून पाच मिनिटे चालावे, दोन घोट पाणी घ्यावे, पोटऱ्या ताणून मोकळ्या कराव्यात आणि उडीच्या रांगेत आपली खूण किती पावलांवर आहे ते मनात मोजत उभे राहावे.